लिंबराज नानांचा खुलासा

लिंबराज नाना वारले तेव्हा शबानानं ट्रस्टच्या फायलीत त्यांच्या नावाचा फॉर्म भरला. 'मृत्यूचा पुरावा' या रकान्यापुढं तिनं दोन कागद टाचले. एक ग्रामपंचायतीचा, एक दवाखान्याचा. मी म्हटलं, "अगं, मी खांदा दिलाय त्यांना. आणखी कशाला पाहिजे पुरावा?"

"काका, तुमचा खांदा पुराव्यात धरत न्हाईत," ती म्हणाली. "आन् एकाच कागदावर भागवलं असतं, तर नाना उठून बसले असते."

आमच्या ट्रस्टचा तो फॉर्म लेखकांसाठी असतो. नाना काही लेखक नव्हते. एक कोडं सोडलं तर उभ्या आयुष्यात त्यांचं छापून आलेलं लिखाण एकच, तेही नऊ वाक्यांचं, आणि त्यातलंही एक वाक्य माझं. पण शबाना म्हणते, छापलं म्हणजे लेखक. त्या नऊ वाक्यांची ही हकीकत आहे. आमच्या घरात ती मी इतक्या वेळा सांगितलीय, की मी "ढोकीला एकदा" एवढं म्हटलं तरी बायको भाकरी झाकून ठेवते. कागदावर तरी कुणी मध्येच उठून जात नाही, म्हणून लिहितोय.

ढोकीत माझं बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. पण सोयऱ्याधायऱ्यांत माझी ओळख वेगळी. लग्नपत्रिकेतला मजकूर, निरोप समारंभाचं भाषण, चौकातल्या फलकावरची भावपूर्ण श्रद्धांजली, हे सगळं माझ्याकडून जातं. 'क्रूर काळाने झडप घातली' हे वाक्य मी किती माणसांवर वापरलं असेल, त्याला गणती नाही. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला साहित्यिक समजत होतो. नानांची गाठ पडेपर्यंत.

नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी काट्याच्या खिडकीत काढली. उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर यायचा, त्याचं वजन व्हायचं. मग ऊस उतरवून तोच ट्रॅक्टर रिकामा परत यायचा, पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. नोकरी संपली तरी नानांच्या डोक्यातला काटा बंद पडला नव्हता. "माणसाचं बोलणंबी तसंच असतंय, भास्कर," ते मला म्हणायचे. "भरून येतंय. रिकामं करून बघावं लागतंय, ऊस किती आन् ट्रॉली किती."

एकदा त्यांचा सख्खा मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला आणि सीटवर बसूनच तंबाखू मळत राहिला. नानांनी त्याला खाली उतरवलं. मग ट्रॉलीतली घोंगडी उतरवली. मग पाण्याची कळशी. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता बनियन काढू का?" नाना म्हणाले, "त्याची गरज न्हाय. काटा तेवढं बारीक दावत न्हाय." त्या मेहुण्यानं पुढं वर्षभर नानांच्या घरी चहा घेतला नाही. माझ्या पुतणीच्या सोयरिकीला मध्यस्थ सांगत होता, पोरगा म्हणजे शंभर नंबरी सोनं. सगळे माना डोलवत होते. नानांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "काट्यावर घातलाय का कुणी?" सोयरीक मोडता मोडता वाचली. मोडली असती तर बरं झालं असतं, हे आम्हाला नंतर कळलं. पण ती गोष्ट वेगळी.

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर पुस्तकांच्या मागं लागला. कायदा असा आहे, की लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. तोवर पुस्तकावर हक्क त्याचा, त्याच्या वारसांचा. साठ संपली की एक जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं. कुणीही छापावं, कुणीही वाटावं. आपल्या भागातली अशी विसरलेली पुस्तकं शोधायची, टाइप करून घ्यायची, गावोगावच्या शाळांना फुकट द्यायची, यासाठी नानांनी धर्मादाय ट्रस्ट काढला. सचिव नाना. टायपिंगला शबाना, जिचं झेरॉक्सचं दुकान माझ्या दुकानाला चिकटून आहे. आणि प्रेसनोट लिहायला मी. दरवर्षी डिसेंबर संपता संपता आम्ही पेपरांना कळवायचो, की येत्या एक तारखेला अमुक पुस्तकं मोकळी होत आहेत.

लेखक मेला कधी, यासाठी नानांना दोन पुरावे लागायचे. वाशीच्या एका जुन्या मास्तरांचं शेतीवरचं पुस्तक होतं. घरचे एक साल सांगत, पंचायतीचं रजिस्टर दुसरं. नानांनी तीन खेपा केल्या. शेवटी मास्तरांच्या समाधीच्या दगडावर कागद ठेवून, खडू घासून झिजलेला आकडा उमटवून आणला. तो तिसरंच साल सांगत होता. नानांनी त्या तिघांतलं सगळ्यात उशिराचं साल धरलं आणि पुस्तक मागं ठेवलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, "थांबल्यानं पुस्तक मरत न्हाय. जित्या माणसाचं मात्र आपण काढून घ्यायचं न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी यादीत एकच पुस्तक होतं. 'ओट्यातली कोडी.' हाताच्या पंजाएवढं, चाळीस कोड्यांचं, तुळजापूरच्या एका छापखान्यात छापलेलं. लेखिका कौसल्या, नानांची थोरली बहीण. ती एकोणीस वर्षांची असताना तापानं वारली, तेव्हा नाना अकरा वर्षांचे. त्याच साली त्यांच्या वडिलांनी मूळ गाव सोडून ढोकीला बिऱ्हाड आणलं. पुढं घरात आक्काचं नाव कुणी घेतलं नाही. आईनं मरताना कणगीच्या तळातून ही एक प्रत काढून नानांच्या हातात दिली, एवढंच. ट्रस्ट, धर्मादाय नोंदणी, तो फॉर्म, ते दोन पुरावे, सगळं या एका पुस्तकासाठी उभं केलं होतं, हे मला त्या डिसेंबरात कळलं.

"नाना, तुम्ही वारस. कधीच छापता आलं असतं की."

"दादांनी जाताना शब्द घेतला माझ्याकडनं. तुझ्या सहीनं हे छापायचं न्हाय." नानांनी पुस्तकावरची नसलेली धूळ पुसली. "साठ झाल्यावर सहीच लागत न्हाय."

दादा म्हणजे त्यांचे वडील. बाप मेलेल्या मुलीच्या पुस्तकावर असा डूख का धरेल, ही शंका मला तेव्हा यायला हवी होती. मी मात्र प्रेसनोटच्या पहिल्या ओळीत गुंतलो होतो.

पहिली ओळ अशी होती: 'साहित्याच्या नभांगणातील एक तेजस्वी तारका अकाली निखळली.' नानांनी ती वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "रिकामं कर."

मी 'तेजस्वी' काढलं.

"अजून ट्रॉलीच हाय."

'नभांगण' गेलं. 'तारका' गेली. 'क्रूर काळ' तर त्यांनी स्वतः खोडला. शेवटी उरलं ते असं: 'कौसल्या यांचे साठ वर्षांपूर्वी निधन झाले. त्यांचे चाळीस कोड्यांचे पुस्तक एक जानेवारीपासून सर्वांसाठी मोकळे होत आहे.' खाली सचिव म्हणून नानांचं नाव आणि संपर्काला माझा नंबर.

पुस्तक टाइप करताना शबाना एकोणिसाव्या कोड्यावर अडली. कोडं असं: 'चार पाय, दोन शिंगं, नाव त्याचं ढवळ्या. सांगा कोण?' आणि मागं उत्तर: 'आमचा ढवळ्या.'

"नाना, ह्ये काय कोडं झालं? उत्तर तर कोड्यातच हाय."

"भुसकट हाय," नाना म्हणाले. "बाकीची एकूणचाळीस कशी खणखणीत. ह्ये आक्काच्या हातचं वाटत न्हाय."

"मग गाळू?"

"एक अक्षर गाळायचं न्हाय. तिनं लिव्हलंय."

मग शबानानं फॉर्म काढला. तिला नानांनीच शिकवलं होतं, आधी फॉर्म, मग टायपिंग. या वेळी तिनं उलटं केलं होतं. "मृत्यूचा पुरावा?"

काट्याच्या खिडकीत ज्यांनी मेहुण्याची कळशी उतरवली, ते नाना टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत बसले. मग म्हणाले, "लिही. प्रत्यक्ष. म्या स्वतः तिच्या नावानं आंघोळ केलीय."

शबानानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिनं लिहिलं, 'प्रत्यक्ष'.

एक जानेवारीला बातमी धाराशिवच्या दोन पेपरांत आली. सकाळी दुकान उघडून मी शेजाऱ्यांना ती दाखवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"ते कोड्याच्या पुस्तकाचं तुमीच छापलंय नव्हं? कौसल्या मेल्याचं?"

मी आवाज बदलला. श्रद्धांजल्या लिहून लिहून मला तसा आवाज काढता येतो. "हो आजी. फार गुणी होत्या. आपण त्यांच्या कोण?"

"म्याच ती."

समोरचं गिऱ्हाईक हरभऱ्यावरच्या अळीचं औषध मागत होतं. मी त्याला उंदराचं दिलं. बरं झालं, तो पुडी वाचणारा निघाला. मी फोनमध्ये म्हटलं, "आजी, नावं सारखी असतात बघा."

"पुस्तकं बी सारखी असत्यात व्हय? सुनंनं वाचून दावलं मला. च्या पीत व्हते, कप ठिवला खाली. म्हणलं, मेलेल्या बाईनं च्या प्यावा का न्हाय." मग ती थांबली. "खाली लिंबराज लिव्हलंय. त्यो ढोकीला असतोय?"

"हो."

"बरा हाय का?"

"बरे आहेत."

मग ती म्हणाली, "त्याला एक इचारा. त्या दिशी माझ्या नावानं आंघोळ केली, तवा पाणी गार व्हतं का ऊन."

माणूस गेल्याची बातमी आली की घरचे डोक्यावरून पाणी घेतात. पण आमच्याकडं जित्या माणसाच्या नावानंही ते घेतात. पोरगी आपल्या मनानं, दुसऱ्या जातीत लग्न करून गेली, की बाप म्हणतो ती आम्हाला मेली, आणि सगळं घर आंघोळ करतं. हा रिवाज मला माहीत होता. नानांनाही माहीत होता. जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. तरी माझ्या डोक्यात तो उजेड दुकानाच्या पायरीवर पडला, आणि मी तिथंच खाली बसलो. पुढचं तिनंच फोनवर सांगितलं. कौसल्याबाई तुळजापूरच्या त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरबरोबर गेली होती. त्यानंच तिचं पुस्तक जुळवलं होतं. तामलवाडीत तिनं साठ वर्षं संसार केला. ढोकीहून सोलापूरला जाणारी एस.टी. त्या फाट्यावर थांबते. नाना चष्म्याच्या नंबरासाठी दरवर्षी त्याच रस्त्यानं जात होते.

ट्रस्टच्या खोलीत नाना नव्या प्रतींवर शाळांची नावं घालत होते. वाटेत मी सांगण्याची सुरुवात तीन तऱ्हांनी जुळवली होती. तोंडून निघालं एवढंच: "नाना, आक्का जिवंत आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "पुरावा?"

मी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. शबाना दारातच उभी राहिली.

"लिंबराज?" फोन म्हणाला.

नानांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा आहे आणि काटा शून्य दाखवतोय, असा.

"बोलत न्हाय व्हय? नगं बोलू. पेपरात लिव्हलंय चाळीस कोडी माझी. एकूणचाळीस माझी. त्ये ढवळ्याचं तुझं हाय. माझंबी घाल म्हणून रुसून बसला व्हतास, जेवला न्हाईस. म्हणून घातलं. त्यांनी खिळे जुळवताना इचारलंबी, ह्ये कसलं कोडं गं?"

नानांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवायला गेले तो खाली पडला, आणि तो कुणी उचलला नाही.

"तीन पत्रं घातली," आवाज सांगत होता. "एकाचं बी उत्तर न्हाय. मग कळलं, लिंबराजनंबी आंघोळ केली. म्हणलं, ज्याला मी कडंवर घिऊन हिंडवलं, त्यानंबी. मग लिव्हायचं सोडलं."

"मला म्हणले, तू मेलीस," नाना म्हणाले. आवाज नानांचा नव्हता. अकरा वर्षांच्या माणसाचा होता. "तापानं."

तिकडं काहीतरी भांडं खाली ठेवल्यासारखं वाजलं. शबाना माझ्या कानाशी म्हणाली, "काका, अब क्या करना?"

फोन बंद झाल्यावर नानांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म मागितला. 'प्रत्यक्ष' या शब्दावर त्यांनी पट्टी ठेवून लाल रेघ मारली. काट्याच्या पावतीवर चूक झाली की मारत तशी, खालचं वाचता येईल अशी. म्हणाले, "दोन पुराव्याबिगर म्या कुणाला मेलेलं धरलं न्हाय. एकीला धरलं." मग मला म्हणाले, "लिहून घे. खुलासा."

तो असा:

'कौसल्या यांचे साठ वर्षांपूर्वी निधन झाले, असे आमच्या ट्रस्टने काल कळवले होते. ते चूक आहे. लेखिका हयात आहेत. त्यांचे पुस्तक सर्वांसाठी मोकळे झालेले नाही. ते त्यांचे आहे. मृत्यूचा पुरावा तपासणे हे सचिवाचे काम होते. त्याने तो तपासला नाही. सचिव त्यांचा भाऊ आहे.'

मी घाबरत घाबरत खाली एक वाक्य जोडलं: 'हे कळवताना ट्रस्टला आनंद होत आहे.' नानांनी कागद हातात घेतला. ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी खोडरबर पुढं केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ह्याचं वजन बसतंय."

माझ्या आयुष्यातलं काट्यावर पास झालेलं ते एकमेव वाक्य.

खुलासा छापून आला त्याच दिवशी आम्ही तामलवाडीला गेलो. एस.टी.त नानांनी सगळ्या प्रती गठ्ठा बांधून मांडीवर धरल्या होत्या. वाटायच्या नव्हत्या आता, मालकिणीला परत द्यायच्या होत्या. फाट्यावर उतरल्यावर म्हणाले, "किती वेळा ह्या पाटीकडं बघितलंय रं मी."

कौसल्याबाई दारात उभी होती. बारकी, ताठ, पांढऱ्या केसांची. नाना उंबऱ्याबाहेर थांबले. गठ्ठा खाली ठेवून खिशातून एक कागद काढला. "परवानगीचा हाय. सही दिलीस तर वाटतो. न्हाय दिलीस तर ह्या प्रती तुझ्या."

तिनं कागदाकडं बघितलंही नाही. "इचारलेलं सांग आधी. गार व्हतं का ऊन?"

"गार," नाना म्हणाले. "सगळ्यांनी एकेक तांब्या घेतला. म्या तीन घेतले."

"तीन? एवढी मेले व्हते मी तुला?"

"तू तापानं गेली म्हणले. मला वाटलं, म्या गार पाणी घेतलं म्हंजी तुला तिकडं जरा थंड वाटंल."

कौसल्याबाईनं दाराच्या चौकटीला हात लावला. मग आत बघून सुनेला म्हणाली, "चुलीवर पाणी ठिव. मोठं पातेलं."

सही तिनं संध्याकाळी केली, एका अटीवर. एकोणिसाव्या कोड्याखाली लिंबराजचं नाव घालायचं, म्हणजे लोकांनी तिला नावं ठेवायला नकोत. नाना पुढं दोन वर्षं जगले. तामलवाडीला इतक्यांदा जाऊन राहिले, की ढोकीत ते भेटले तरच नवल. पण मला नाना आठवतात ते त्या दुपारचे.

मी ओसरीवर परवानगीचा कागद धरून बसलो होतो. परसात न्हाणीच्या दगडावर बाहत्तर वर्षांचे नाना पंचा लावून बसलेले. गुडघे छातीशी घेतलेले, डोक्यावर तेल, डोळे गच्च मिटलेले. ऐंशीला टेकलेली आक्का त्यांची पाठ घासत होती आणि बडबडत होती, की एवढा मोठा झालास तरी कानामागं मळ तसाच. मग तिनं वाफाळतं पाणी तांब्यात घेतलं, त्यात स्वतःचं बोट बुडवून बघितलं.

"ऊन हाय का बघ," ती म्हणाली, आणि ओतलं.

"हाय," नाना म्हणाले.

ती दुसरा तांब्या भरायला वाकली.